पाण्याला म्हटलेलं ‘येऊ दे’

गाडीचं डावं मागचं चाक नळाच्या खड्ड्यात उतरलं होतं आणि खड्ड्यात माझी नणंद होती. गाडी वर झाकणासारखी बसली होती. आतून तिचा आवाज येत होता आणि पाणी पडल्याचाही.

मी घराशेजारच्या बोळातून धावत आले तेव्हा माझा मुलगा अजून स्टिअरिंगवरच होता. काय झालंय ते त्याला कळलंच नव्हतं. तो म्हणाला, “आई, खड्ड्याचं झाकण मोडलं वाटतं.”

मी म्हणाले, “आत्या आहे खाली.”

तो उतरला नाही. गाडीतल्या मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बोट करून म्हणाला, “मोकळं आहे की. बघ ना तू, मोकळं आहे.”

मी वाकून पाहिलं. पडद्यावर आमची गल्ली होती. फाटक उघडं, रस्त्यावर कुणी नाही, आणि खड्ड्यावर लोखंडी झाकण जागच्या जागी. खरं झाकण माझ्या पायाशी पडलं होतं. मघाशी आम्ही दोघींनीच ते सरकवलं होतं.

मग तो उतरला आणि जमिनीवर बसला. त्याचा काही उपयोग नव्हता.

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि येतं तेव्हा त्याला जोर नसतो. म्हणून सगळ्यांनी फाटकासमोर खड्डे घेतले आहेत. नळ जितका खाली तितकं पाणी जास्त. खड्ड्यात माणूस उकिडवा बसेल एवढी जागा असते. आत उतरायचं, मोटरचा पाइप नळाला लावायचा, घट्ट धरायचा आणि घरातल्या माणसाला ओरडून सांगायचं, की मोटर चालू कर. माझे गुडघे गेलेत, म्हणून मी बोळात बटणापाशी आणि नणंद खड्ड्यात, अशी आमची वाटणी होती.

चाक तिच्या पायावर पडलं तेव्हा पाइप निसटला आणि नळाचं पाणी खड्ड्यात पडायला लागलं. मी मोटर बंद केली, पण नळ उघडाच होता.

“तोटी फिरव,” मी खाली वाकून ओरडले.

“हात पोचत नाय,” ती म्हणाली. “कमरंपर्यंत आलंय.”

नळाला जोर नाही म्हणून आम्ही खड्डा केला होता. त्या दिवशीही जोर नव्हता, ते बरं झालं.

गल्लीतली माणसं आली. कुणीतरी माझ्या मुलाला उठवून म्हणालं, “बस गाडीत, पहिला टाक, पुढं घे.” समोरचा रिक्षावाला बनियनवरच आला होता. तो ओरडला, “पगला हुआ क्या? टायर घुम्या तो पाँव जाता उसका. हलाव मत. उचलो पैले.”

“अहो, पण पुढं घेतली तर लवकर...”

“मैं बोल रहा ना, उचलो.”

खालून नणंद म्हणाली, “उचला रे बाबांनो. भांडणं मागून करा.”

त्यांनी गाडी मागून उचलली. लहान गाडी होती, उचलली गेली. कुणी खाली दगड सरकवले. दोघांनी तिला काखेत धरून ओढून काढलं. पाय मी पाहिला. तो कसा दिसत होता ते लिहीत नाही. पातळ ओलं होतं म्हणून रक्त किती गेलं ते कळत नव्हतं. त्याच रिक्षात तिला घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ती दोनदा बोलली. एकदा विचारलं, पोराला लागलं का. दुसऱ्यांदा म्हणाली, टाकी भरली नाय. त्यानंतर ती बोलली नाही आणि मी तिचं नाक बघत बसले, हलतं का नाही.

नणंद लग्नानंतर दोन वर्षांत परत आली होती. तिला मूल नव्हतं आणि नवऱ्याला दुसरी करायची होती. तेव्हापासून ती आमच्यात. माझा नवरा चिकलठाण्याच्या कंपनीत होता, मी बांधकामावर जायची, आणि माझ्या मुलाला तिनं वाढवलं. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, तसं झालं म्हणून सांगते. पहिली काही वर्षं मी तिला आक्का, तुम्ही, असं म्हणायची. पुढं एका भांडणात एकेरीवर आलो ते तिथंच राहिलो. ती मला वैनी म्हणते, पण त्यात मान कधी नव्हता.

आता माझा नवरा नाही. मुलगा वाळूजला एका कंपनीत आहे. गाड्यांचे भाग बनतात तिथं तो माल तपासतो. सून पहाटेच्या शिफ्टला जाते. मुकुंदवाडीहून वाळूज म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. आधी कंपनीची बस होती, ती बंद झाली, तेव्हा त्यानं गाडी घेतली. नवी गाडी विहारापुढं उभी केली, मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं आणि घरी आणली. शेजारीण म्हणाली, लिंबू-मिरची बांधा. नणंद तिला म्हणाली, “आमच्याकडं भाजीला वापरतात.”

कॅमेऱ्याची गाडी येण्याआधी घरात एक जुनी व्हॅन होती. ती मागं घेताना कुणीतरी मागं उभं राहायचं आणि ओरडायचं, “येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे... बस.” ते काम माझं होतं. आमच्या गल्लीत सगळीकडं असंच चालतं. ट्रक असो, टेम्पो असो, मागं एक माणूस असतो आणि तो येऊ दे म्हणतो. नव्या गाडीत कॅमेरा होता, त्यामुळं मुलगा म्हणाला, “आई, आता तू रिटायर.” मागचा गिअर टाकला की पडद्यावर मागचं सगळं दिसायचं. नणंद दोन दिवस त्याच्यापुढं येऊन हात हलवून बघत होती.

वर्षभरानं पडदा बिघडायला लागला. कधी काळा व्हायचा. मग मुलगा मला हाक मारायचा आणि मी परत मागं उभी राहायची. परत नोकरीवर घेतलं होतं मला. मी आंघोळीला असले तर नणंद उभी राहायची. तीही तेच ओरडायची, फक्त जास्त मोठ्यानं.

मग त्याच्या मोबाइलवर कंपनीचा निरोप आला. तो वाचून म्हणाला, “रिकॉल आहे.” मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाटलं परत फोन करतात त्याला रिकॉल म्हणतात. त्यानं सांगितलं, की आपल्यासारख्या सगळ्या गाड्यांचे कॅमेरे बिघडू शकतात असं गाडी बनवणाऱ्यांच्या लक्षात आलंय, आणि ते फुकट बदलून देणार आहेत.

“मग जा की,” मी म्हणाले.

“जातो. घाई नाही. आमच्या कंपनीतून पण लॉट परत बोलावतात. कागदोपत्री असतं ते. कुणाला काही होत नाही.”

तो माल तपासणारा होता, म्हणून त्याला असं वाटत होतं. रोज ज्याला खराब माल दिसतो त्याला त्याचं काही वाटेनासं होतं.

तरी तो गेला. मीही सोबत गेले, मला जालना रोडला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. शोरूम गार होतं. टाय बांधलेला एक जण म्हणाला, की नोंद करून घेतो, पण पार्ट आलेला नाही. आला की फोन करू.

मुलानं विचारलं, “तोवर कॅमेरा बंद करून देता का? वायर काढून ठेवा.”

“नाही सर, वायरला हात लावला तर वॉरंटी जाते.”

“मग चालवू कशी?”

“चालवा ना सर, काही प्रॉब्लेम नाही. फक्त आरशात बघत जा.”

पावसाळा गेला, फोन आला नाही. मुलानं फोन केला तर म्हणाले, पुढच्या महिन्यात. दिवाळीनंतर तो परत गेला. तेव्हा टायवाला दुसरा होता आणि त्याला नोंद सापडायलाच वेळ लागला. मग तोही म्हणाला, पार्ट आला की फोन करू. नणंद म्हणाली, “सोयरीक आलीय जणू. कळवतो म्हणतात आणि कळवत नाय.”

पडदा काळा झाला की आम्ही सावध व्हायचो. पण रोज काळा होत नव्हता. चांगलं चित्र आलं की मुलगा हाक मारायचा नाही. त्याचं चुकलं नव्हतं, चांगलं चित्र आल्यावर कोण हाक मारतं? कधी कधी चित्र अडकतं, मघाचंच दाखवतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. काळा पडदा बरा. तो निदान काही सांगत नाही.

त्या सकाळी मुलगा गाडीत बसला, मागचा गिअर टाकला, गल्ली मोकळी दिसली. तेवढ्यात त्याला आठवलं की गळ्यात घालायचं कंपनीचं कार्ड घरात राहिलं. गाडी चालू ठेवून तो आत आला आणि कपाट उलटंपालटं करायला लागला. तेवढ्यात गल्लीतून हाक आली, पाणी आलं. कपाटात डोकं घातलेल्या त्याला ती ऐकू गेली नाही. पाण्याचा दिवस नव्हता, एक दिवस आधीच आलं. पाणी आलं की आमच्याकडं दुसरं काही कुणाला दिसत नाही. आम्ही दोघी चालू गाडीच्या शेजारून बाहेर गेलो, झाकण सरकवलं, नणंद खाली उतरली, मी बोळात बटणापाशी गेले. मुलाला कार्ड सापडलं. तो येऊन गाडीत बसला. खड्ड्यातलं माणूस आरशात दिसत नाही. परत गिअर टाकला, पडद्यावर चित्र आलं. ते मघाचं होतं.

तरीही तो थांबला असता कदाचित. काच खाली होती. मागून आत्याचा आवाज आला, “येऊ दे.”

त्याला वाटलं, आत्या मागं उभी आहे.

मला वाटलं, मोटर चालू कर म्हणते. मी बटण दाबलं आणि त्यानं क्लच सोडला.

दवाखान्यात तिला आत नेलं ते दुपारपर्यंत बाहेर आणलं नाही. डॉक्टरीण तरुण होती, तुटक बोलायची, मला आवडली. तिनं सांगितलं, की गुडघ्याखाली काही राहिलेलं नाही. पाय ठेवला तर विष अंगात भिनेल. काढला तरी या वयात, एवढं रक्त गेल्यावर, ती उठेल का ते सांगता येत नाही. लवकर ठरवा.

सही मुलानं करायची होती. तो म्हणाला, माझ्यानं होत नाही. सून कंपनीतून थेट आली होती, ती त्याला समजावत राहिली. नणंद तोवर शुद्धीवर आली होती. तिनं सगळं ऐकलं.

“आण इकडं,” ती म्हणाली. “पाय माझा आहे. मी देते अंगठा.”

मग माझ्याकडं बघून म्हणाली, “तो जेवला का?”

“नाही.”

“जेव म्हणावं. मी मेले तर राहा उपाशी. आत्ता कशाला?”

ऑपरेशनच्या आधी हवालदार जबाब घ्यायला आला. भला माणूस होता, पोटानं मोठा, स्टुलावर कसाबसा बसला. मुलाचा जबाब त्यानं आधीच घेतला होता.

“मावशी, गाडी मागं घेताना तुम्ही येऊ दे म्हणालात, असं पोरगा सांगतो. खरं का?”

“व्हय. म्हणाले.”

“मग तुम्हीच बोलावलं की गाडीला.”

“गाडीला नाय. पाण्याला म्हणाले.”

हवालदारानं पेन थांबवलं. “पाण्याला कोण येऊ दे म्हणतं?”

“तुमच्याकडं रोज येत असंल,” नणंद म्हणाली.

तो हसला, पण लिहिलं की नाही ते मला माहीत नाही. तो गेल्यावर तिनं डोळे मिटले आणि मला म्हणाली, “लई दुखतंय गं.” एवढ्या वर्षांत तिनं मला असं काही सांगितलं नव्हतं. मी तिच्या पायावरची चादर सरळ करायला गेले आणि हात मागं घेतला.

ऑपरेशन चालू असताना मुलगा बाहेर पायरीवर बसला होता आणि त्याचा मोबाइल माझ्याकडं होता. तो वाजला. एक मुलगी बोलत होती.

“गुड इव्हनिंग सर, शोरूममधून बोलतेय.”

“सर नाही. त्याची आई.”

“ओके मॅम. तुमच्या गाडीच्या रिकॉलचा पार्ट आलाय. गाडी कधी आणताय?”

“गाडी पोलीस ठाण्यात आहे.”

तिकडून टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “ओके मॅम. मग पुढच्या आठवड्याचं बुकिंग करू का?”

“आमचं माणूस ऑपरेशनला आत आहे. तिचं काय होतं ते बघते, मग सांगते.”

“ओके मॅम. टेक केअर. फीडबॅकसाठी तुम्हाला एक कॉल येईल, प्लीज चांगलं रेटिंग द्या.”

मला तिचा राग आला नाही. तिला जे बोलायला शिकवलं होतं ते ती बोलली. तिच्या वरच्या कुणाचा आला असता, पण वरचं कुणी फोन करत नाही.

पाय काढला. पहिले दिवस वाईट गेले. ताप उतरत नव्हता. लघवी होत नव्हती, ती नळीतून किती आली ते नर्स दर थोड्या वेळानं बघून जायची आणि आमच्याशी बोलायची नाही. डॉक्टरीण म्हणाली, मूत्रपिंडावर आलंय, बघू. नातेवाईक यायला लागले. बिडकीनची चुलत जाऊ आली, खाटेपाशी पदर तोंडाला लावून रडली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “नशीब बाई एकेकाचं.” आम्ही बौद्ध आहोत. नशिबाचं कुणी काढलं की मी दुसरीकडं बघते. मी तिला सांगितलं, की नशीब नाही, पार्ट नव्हता. तिला कळलं नाही.

दुसरा एक पाहुणा मुलाला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, की म्हातारी तिथं बसलीच कशाला, असं सांग केसमध्ये, म्हणजे तू सुटशील. त्याला उत्तर सुनेनं दिलं. ते मी इथं लिहीत नाही. तो पाहुणा नंतर आला नाही.

मुलगा त्या दिवसांत माझ्याशी एकदाच बोलला. म्हणाला, “मी तपासणारा माणूस आहे, आई. माझं कामच ते.” मी म्हणाले, “कंपनीत माल हातात घेऊन बघतोस. इथं चित्र बघितलंस.” त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाले नाही. तसंच होतं.

एका सकाळी मी डबा घेऊन वॉर्डात गेले तर शेजारच्या खाटेवरच्या बाईशी नणंदेचं पंख्यावरून भांडण चाललं होतं. त्या बाईला पंखा बंद पाहिजे होता, हिला चालू. “तुझ्या अंगात मांस आहे, माझ्यातलं निम्मं काढून घेतलंय, गरम मला व्हायला पाहिजे का तुला?” असं काहीतरी ती बोलत होती आणि त्यात हिशेब कुठंच बसत नव्हता. नर्स हसत होती. नळीच्या पिशवीत पाणी भरलेलं होतं. डॉक्टरीण आली, पिशवी बघितली, तिच्या डोळ्यांच्या खालची कातडी ओढून बघितली आणि मला म्हणाली, “आता घाबरू नका.” मी घाबरले आहे असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं.

पोलिसांनी गाडी सोडल्यावर मुलगा ती शोरूमला घेऊन गेला. कॅमेरा आणि त्याची एक वायर बदलायची होती. तिथल्यांनी दिलेला चहा संपायच्या आत काम झालं, असं तो म्हणाला. केस अजून चालू आहे. वकील म्हणतो, आत्याबाईंचा जबाब चांगला आहे. गाडी बनवणाऱ्यांकडून एक माणूस आला होता, त्यानं खड्ड्याचे फोटो काढले. कॅमेऱ्याचे काढले नाहीत.

मुलगा गाडी चालवतो. वाळूजला जायला दुसरं काही नाही. मागं घेण्याआधी तो उतरतो, मागं जाऊन बघतो, मग बसतो. गल्लीतले आधी हसायचे, आता हसत नाहीत.

नणंद घरी आली. तिला कुबड्या दिल्या, त्या ती वापरते आणि शिव्या देते. खड्ड्यात आता सून उतरते. नणंद, मी आणि मुलगा, त्या सकाळी आम्ही तिघं होतो: नणंद खड्ड्यात, मी बटणापाशी, मुलगा गाडीत. तिघंही जिवंत आहोत.